प्रलयानंतरचं भांडण

जग बुडालं ते वीस मिनिटं आधी! मी सातव्या रांगेत बसले होते, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण ते जग मी जोडलं होतं. दीड वर्ष, टेबलावर वाकून, कात्री आणि चिकटपट्टी घेऊन. सिनेमा दादाचा, त्याचा पहिलाच. संकलन माझं. गोष्ट अशी की सूर्य भर दुपारी बाराला अडकतो आणि हलतच नाही. समुद्र उकळतात, सरकार सावलीचं रेशनिंग सुरू करतं, आणि घड्याळखात्यातला एक कारकून एका शास्त्रज्ञ बाईच्या प्रेमात पडतो. मध्येच एक अवाढव्य यंत्र येतं. ते का येतं, हे दादालाही धड सांगता येत नाही, पण दिसतं मात्र झकास. तिसऱ्या रिळात ही दोघं कडाकडा भांडतात, चौथ्यात प्रलय होतो. आणि या थेटरात तिसऱ्याच्या आधी चौथं लावलं होतं.

मी जिना चढून ऑपरेटरच्या खोलीचं दार ढकललं. दोन प्रोजेक्टरांपैकी एक धडधडत होता, तापलेल्या तेलाचा वास येत होता. बाह्या दुमडलेला एक माणूस पडद्याकडच्या झरोक्याला डोळा लावून उभा होता. त्याने मागे न बघताच ओठांवर बोट ठेवलं.

"हळू... आत्ता भांडण सुरू होतंय."

"भांडण इथे सुरू होतंय! तिसरं रीळ चौथ्यानंतर लावलंत तुम्ही!"

"हो."

हो! नुसतं हो!

"चुकून?"

"सोमवारी चुकून." आता तो वळला. डोळे हसरे होते, त्यामुळे मी जास्तच भडकले. "या सिनेमाची प्रत एकच आहे, मॅडम. दोन थेटरांत चालते. तिथला खेळ आधी सुरू होतो, रीळ संपलं की माझे भाऊजी स्कूटरवरून इकडे आणतात. सोमवारी स्कूटर पंक्चर झाली. तिसरं आणि चौथं एकदमच आलं, आणि तिसरं उलटं गुंडाळलेलं. तिथल्या ऑपरेटरने परत फिरवलंच नव्हतं. माझ्या हातात अर्धं मिनिट. चौथं सुलटं होतं, चढवलं."

"आणि मंगळवारी? आज?"

"मुद्दाम."

तेवढ्यात खालून हशा उसळला. शंभरएक माणसं एकदम हसली.

"या, बघा," तो झरोक्यापासून बाजूला झाला.

पडद्यावर सगळं शहर राखेत गेलं होतं, आणि त्या राखेत बसून कारकून आणि शास्त्रज्ञ भांडत होते, की निघताना दाराला कुलूप कोणी लावलं नाही. लोक पोट धरून हसत होते. मग हळूहळू हसू ओसरलं... आणि सगळं थेटर चिडीचूप झालं. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या.

"संकलन कोणी केलंय कोण जाणे," तो कानाशी म्हणाला. "पण त्या माणसाला चौथंच आधी हवं असणार. दोन रिळांचे सांधे तसेच जुळतायत."

मी जिना उतरले. घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले.

कारण ते खरं होतं. मी आधी तसंच जोडलं होतं. प्रलय आधी, भांडण नंतर. दादा म्हणाला, "वेड लागलंय का तुला?" आई म्हणाली, "अगं, त्याचा पहिला सिनेमा आहे, होऊ दे त्याच्या मनासारखं." आणि मी मूग गिळून गप्प बसले. आता एका पंक्चरने ते करून दाखवलं! मला नाही जमलं, स्कूटरच्या चाकाला जमलं.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या थेटरात गेले. तिथे बरोबर क्रमाने चालू होता. अकरा माणसं, त्यातली दोन घोरत होती. तिथून तडक या ऑपरेटरच्या खोलीत आले आणि भांडले. संकलन मी केलंय, हेही भांडता भांडताच बोलून गेले.

"म्हणजे तुम्हीच त्या!" तो म्हणाला. "बरं झालं भेटलात. माझंही एक भांडण आहे. पाचव्या रिळात तो तिच्याकडे वळतो, बोलायला तोंड उघडतो, आणि तुम्ही तिथेच कात्री लावलीत. काय बोलणार होता तो? रोज बघतो, रोज चिडतो."

"काही बोलणारच नव्हता. नटाला जांभई आली होती."

तो इतका हसला, की रीळ बदलायचा इशारा चुकता चुकता राहिला. त्या दिवसापासून मी कात्रीबाई झाले. रोज तीनच्या खेळाला मी भांडायला जायचे. त्याने माझ्यासाठी एक स्टूल आणून ठेवलं, त्यावरूनही मी भांडले.

रविवारी सकाळी दादा म्हणाला, "आज थेटरमालकांबरोबर सिनेमा बघतोय. म्हणे त्यांच्याकडेच गर्दी आहे." क्रम बदललेला कळला, तर मालक ऑपरेटरला त्याच दिवशी घरी बसवणार.

मी पोचले तेव्हा भाऊजी वेळेवर येऊन गेले होते. तिसरं आणि चौथं, दोन्ही डबे टेबलावर. दोन्ही सुलटे. दादा आणि मालक येतायत, हे मी सांगितलं.

"आज बरोबर लावतो," तो म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता. "नोकरीचं सोडा. पण तुमचा भाऊ आहे... तुमच्या घरात कशाला कलह?"

"तुला कोणी सांगितलं माझं घर सांभाळायला?" मी ओरडले. तुम्हीचं तू कधी झालं, ते मला कळलंच नाही. त्याला कळलं असावं, कारण तो लाल झाला. "सगळे माझ्या भल्यासाठी मला गप्प बसवतात! आई, दादा... आणि आता तूही? सरक!"

चौथं रीळ मी स्वतः प्रोजेक्टरवर चढवलं.

दादा लगेच वर आला नाही. तिसरं अर्ध्यावर आलं, खाली हशा उसळला, तेव्हा दार धाडकन उघडलं. "कोणी केला हा गाढवपणा?"

"मी," ऑपरेटर म्हणाला.

"खोटं बोलतोय तो. मी लावलंय," मी म्हणाले. "दीड वर्षापूर्वीच लावायला हवं होतं. तू चुकलास, दादा. आणि मी बोलले नाही, ती माझी चूक. आता बोलतेय."

दादा झरोक्याशी गेला आणि भांडण संपत येईपर्यंत खाली बघत राहिला.

"रडतायत गं ती माणसं," शेवटी तो म्हणाला. "माझ्या सिनेमाला..." मग नाक पुसून ऑपरेटरकडे वळला. "आणि हा कोण तुझी चूक अंगावर घेणारा?"

"याच्याशी मी लग्न करणार आहे."

"मला विचारलंस?" ऑपरेटर पुटपुटला.

"विचारतेय. लवकर बोल, रीळ संपत आलंय!"

त्याने आधी पडद्याकडे बघितलं. कोपऱ्यात रीळ बदलायच्या इशाऱ्याचा ठिपका उमटला, तसा त्याने दुसरा प्रोजेक्टर सुरू केला, पाचवं रीळ पडद्यावर नीट लागलंय याची खात्री केली, आणि मगच माझ्याकडे वळून म्हणाला, "हो."