चुकून झालेली तपासणी

चूक मिनलची नव्हतीच मुळी! दवाखान्यात दिलेल्या चिठ्ठीवर पेशंटचं नाव लिहायची शितोळ्यांच्या घरच्यांना लाज वाटली, म्हणून त्यांनी नुसतं ‘घरातली एक व्यक्ती’ एवढंच लिहून दिलं होतं. आता पुनावळ्यातल्या त्यांच्या घराच्या ओट्यावर लाल डोळ्यांचा, दाढी वाढलेला, गार झालेल्या चहाकडं एकटक बघत बसलेला तरुण दिसला, तर घरोघरी जाऊन मनाच्या आजारांची तपासणी करणाऱ्या नर्सनं दुसरं काय समजायचं?

ती शेजारी बसली, फॉर्म उघडला.

“झोप लागते का?”

“तीन दिवस धड नाही.”

“भूक?”

“डबा तसाच परत येतो.”

“मन मोकळं करायला कुणी आहे?”

तो तिच्याकडं बघून हसला. “आत्तापर्यंत नव्हतं.”

मिनलचं पेन अडखळलं. पेशंट इतका छान हसतो—हे फॉर्ममध्ये लिहायचं तरी कुठं?

“एकटं असताना... आवाज ऐकू येतात?”

“येतात ना. चाकणच्या कंपनीतल्या मशीनचे. रात्रपाळी करून आलोय, मॅडम.”

तेवढ्यात आतल्या खोलीतून कुणीतरी खुदकन हसलं. “अगं बया, त्याला न्हाई! मला तपासायचं हाय.”

ओट्यावरचा तो तरुण, जयदीप, ताडकन उभाच राहिला. त्याची आई, शालनबाई, नवरा गेल्यापासून आठ महिने खोलीबाहेर आली नव्हती. तिचं हसणं तर घर विसरूनच गेलं होतं.

“तुम्ही आधीच का नाही सांगितलंत?” मिनलनं जयदीपला विचारलं. ती लाजून लाल झाली होती.

“इतक्या आपुलकीनं कुणी विचारलंच नव्हतं हो.”

मग मिनल दर मंगळवारी येऊ लागली. शालनबाई आधी तोंड फिरवून बसायची, मग हळूहळू बोलू लागली. गोळ्या सुरू झाल्या, दोन घास पोटात जाऊ लागले, स्वारी ओट्यापर्यंत आली. गेटच्या पलीकडं मात्र न्हाई म्हणजे न्हाई—“लोक येडी म्हनतील.” आणि जयदीपराव! सुपरवायझरला काय थापा मारल्या देव जाणे, साप्ताहिक सुट्टी मंगळवारची करून घेतली.

“मॅडम, मलाही तपासा की. मंगळवार सोडून सहा दिवस जीव कशात रमत नाही.”

मिनलला गालात हसू आलं. तरी तिनं नकारार्थी मान हलवली. “मावशींची फाइल माझ्याकडं आहे, जयदीप. तोवर असलं बोलायचं नाही. त्या फक्त माझ्याशी बोलतात. मी केस सोडली आणि त्या परत खोलीत जाऊन बसल्या तर?”

“तर मी थांबेन,” तो हळूच म्हणाला. “आईच्या जिवापुढं मला कसली घाई?”

झालं! हे ऐकून तर पोरगी जास्तच गुंतली.

तिनं दोन महिने कसेबसे काढले आणि शेवटी सगळं कुसुमताईंना सांगून टाकलं. कुसुमताई तिच्या वरिष्ठ नर्स. “केस मी घेते,” त्या म्हणाल्या, “पण शालनबाईंना सांगायचं तूच. आणि खरं सांगायचं.”

पुढच्या मंगळवारी मिनल शालनबाईशेजारी ओट्यावर बसली. “मावशी... आता माझ्याऐवजी कुसुमताई येतील.”

शालनबाईचा चेहरा उतरला. ती मुकाट्यानं उठली आणि खोलीकडं चालू लागली. “माझं काय चुकलं गं?”

“तुमचं नाही हो! मला... मला जयदीप आवडतो. मग तुमची नर्स कशी राहू मी?” मिनलला रडूच कोसळलं.

शालनबाई दारात थबकली. मग तिनं पदर खोचला, ओटा उतरली, गेट ढकललं आणि भर गल्लीत, शेजारणींच्या देखत, गाडी पुसणाऱ्या लेकावर कडाडली, “आरं ए! पोरगी माझ्याम्होरं रडून सांगती, अन् तू फडकं मारत बसलाय व्हय?”

जयदीपच्या हातातलं फडकं खाली पडलं. “आई... तू बाहेर?”

“मी हाय हितंच. तू आत जा आधी!”