डाव्या हाताची गाठ

लाइट गेलीच आहे निलम, तर तेवढ्यात सांगून टाकते. पण आधी हे ऐक. डहाणूच्या खाडीत होड्यांची वायरिंग माझ्याइतकी सुबक कुणी करत नाही. हसतेस काय? आयटीआयच्या वर्गात मी एकटी मुलगी होते, आणि पहिली आले होते.

हात बाबांचाच म्हण. काशीनाथ वायरमन म्हटलं की अख्खं बंदर ओळखायचं. बाबा डावखुरे. प्रत्येक जोडावर टेप, आणि टेपवर जाळ्याच्या दोऱ्याची गाठ, डावीकडून फिरवलेली. मी उजवीकडून फिरवते. दोन वर्षांपूर्वी ते समुद्रात गेले ते परत आलेच नाहीत.

गेल्या वर्षी बायजाकाकीच्या होडीचं काम आलं. काका गेल्यापासून तिचं घर त्या एका होडीवर चालतं. ओहोटी होती, होडी चिखलात बसलेली. दोन बॅटऱ्या, फिश फाइंडर, जीपीएस, दिवे, तळातलं पाणी उपसणारा पंप... सगळं मी एका बोर्डावर घेतलं, एका मेन स्विचखाली. बाबांनी टाकलेली जुनी लाल वायर मध्येच लोंबत होती, बॅटरीतून थेट पंपाला गेलेली. ती मी कापली आणि चिखलात भिरकावली.

"काशी ती वायर कदी सोडायचा नाय," काकी म्हणाली.

"जुनी पद्धत ती, काकी. आता बघ, एक स्विच पाडला की सगळं बंद."

काकीने बोर्डावरून हात फिरवला. "देवघरासारखं लावलंस गं, पोरी."

मी अशी काही फुलले, काय सांगू! मेन स्विच बंद केला, बॅटरीच्या पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

तिन्हीसांजेला आम्ही काठावर चहा पीत होतो. भरती चढत होती. एवढ्यात होडीतून आवाज आला. घुर्र... आणि मागोमाग पाणी पडल्याचा.

"पंप चालू ठेवलास?"

"नाही काकी..."

वाऱ्यावर सोल्डरच्या धुराचा वास आला. मी तर त्या दिवशी सोल्डरिंग केलंच नव्हतं. बाबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या आधी हा वास दारातून आत यायचा.

गुडघाभर पाण्यातून आम्ही धावलो. होडीच्या तळाची एक फळी उकलली होती. चिखलात कळलं नव्हतं; आता भरतीचं पाणी भसाभस आत येत होतं, आणि पंप ते तेवढ्याच नेटाने बाहेर फेकत होता. मेन स्विच बंद. पेटीचं कुलूप जसंच्या तसं.

तेव्हा माझी चूक माझ्या डोक्यात शिरली. होडी नांगरून माणसं घरी गेली की मेन स्विच बंद असतो, आणि पाणी नेमकं तेव्हाच शिरतं. म्हणून बाबा पंप थेट बॅटरीला जोडायचे, पाणी चढलं की आपोआप चालू होणारा. बोर्ड नेटका दिसावा म्हणून मी तीच वायर काढली होती.

खिशातली किल्ली काढून कुलूप उघडलं. लाल वायर बॅटरीला जोडलेली होती. मी कापलेली... चिखलाने माखलेली. जोडावर टेप, टेपवर दोरा. गाठ डावीकडून.

"कोनी बांधली गं...?" काकी कुजबुजली.

मी त्या गाठीवरून बोट फिरवलं. भीती वाटत होती, पण ऊर भरून आला होता. असा वायरमन या खाडीत दुसरा झाला नाही, आणि तो माझा बाप.

काकीचा मुलगा प्रितेश धावत आला, त्याने फळीत चिंध्या ठासल्या, होडी वाचली. तेव्हापासून प्रत्येक होडीत पंपाची वायर मी सगळ्यांत आधी जोडते, थेट बॅटरीला, आणि वर माझी गाठ मारते. वर्षभरात एकही गाठ हलली नाही. बाबांना माझं काम पसंत पडलं, असं मी धरून चालले.

काल आपल्या वाडीतल्या लहान्याच्या नव्या होडीची वायरिंग संपवली. होडी अजून त्याच्या अंगणातच आहे, पाणी लागलेलं नाही. आज सकाळी पेटी उघडली, तर पंपाच्या वायरवरची गाठ डावीकडून फिरवलेली होती. दोरा ओला होता. बोट जिभेला लावून बघितलं, खारट लागलं.

सगळी वायरिंग तीनदा तपासली, निलम. माझी चूक एकही नाही... मग बाबा कशाची सूचना देतायत?

लहान्या परवा होडी पाण्यात उतरवतोय.