आनंदरावांची तराई

भिलाईत कुरुदच्या रस्त्यावर आमची छोटी लॅब आहे. समुद्रावरच्या पुलांसाठी शंभर वर्षं टिकेल असं काँक्रीट तयार करणं, हे माझं काम. इथून समुद्र कुठल्याही दिशेनं लांबच, म्हणून आम्ही तो टाकीत मीठ कालवून बनवतो आणि काँक्रीटचे ठोकळे त्यात बुडवून ठेवतो.

माझे सासरे आनंदराव रोज दुपारी तिथे येऊन बसत. उभा जन्म पोलादाच्या प्लांटच्या भट्टीवर गेलेला. भट्टीतला स्लॅग, म्हणजे लोखंडाची मळी, दळून सिमेंटात पडतो, त्यामुळे पूल आपलाच, असा त्यांचा ठाम समज. पूल झाला की समुद्र बघायला न्यायचं मी कबूल केलं होतं. पण त्यांची हाडं ठिसूळ झाली. डॉक्टर म्हणाले, प्रवास विसरा. माझी बायको संघमित्रा स्वयंपाकघरात जाऊन रडली.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आनंदरावांनी विचारलं, "जावईबापू, नवं काँक्रीट बी कच्चंच रायते ना? मंग त्याले काय करता तुमी?"

"तराई करतो." ताज्या काँक्रीटला पाणी पाजत ठेवायचं, त्याला इकडे सगळे तराईच म्हणतात.

"मंग माही बी करा," म्हणत त्यांनी पाय टाकीत सोडले.

म्हातारा नंबरी! मी हसलो आणि टॉवेल आणून ठेवला.

मग ते रोजचंच झालं. ऐन मे महिन्यात टाकीचं पाणी गार लागू लागलं. दुपारी ते काठापर्यंत चढायचं, संध्याकाळी ठोकळे उघडे पडायचे. टाकी कुठेच गळत नव्हती. आनंदरावांची काठी सुटली. ते स्कूटरवर मागे बसले की टायर दबायचा. हवा भरून घेतली, तरी दबायचा.

नव्या एक्स-रेत हाडं वेगळी दिसेचनात. सगळं एकसंध पांढरं. टेक्निशियननं मशीनला शिव्या घातल्या.

"आता न्या मले," आनंदराव म्हणाले.

मी मोबाईलवर तिकिटं बघायला लागलो. संघमित्रा आनंदानं बाबांच्या गळ्यात पडली. छातीला टेकलेला कान तिनं उचलला नाही. जरा सरकवला. पुन्हा सरकवला.

"काय झालं?"

"धडधड नाही येऊन राहिली," ती हळूच म्हणाली. "पाणी येते. मागं जाते."

तिनं बाबांना सोडलं नाही. खरं सांगतो, मलाही भीतीआधी मायाच दाटून आली.

आनंदरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या वजनानं तिची मान खाली गेली.

"कवा निघाचं, पोरी?"