कुंपणातला झरा

दुकानाचा मालक रूफस गॅड सकाळी झऱ्याच्या काठावर मेलेला सापडला, आणि दुपारपर्यंत त्याच्या खुनासाठी एका माणसाला फाशी द्यायचंही ठरून गेलं.

तो माणूस म्हणजे हाश्के, नवाहो आदिवासी मेंढपाळ. गाडीवानांनी त्याला चाकाला बांधून घातलं होतं. अ‍ॅरिझोनाच्या त्या वाळवंटात कायदा म्हणजे एकटा लेम प्रुइट. शेरिफचा हा मदतनीस अंगाने थोराड, विचाराला संथ. त्याच्या कमरेला एक पिस्तूल आणि समोर बंदुका घेतलेले वीसेक गाडीवान. सावल्या पूर्वेकडे वळल्या की आम्ही थांबणार नाही, असं त्यांचा म्होरक्या योस्ट याने बजावलं होतं. नशीब इतकंच की टपालगाडीतून चाललेला खाजगी गुप्तहेर एझ्रा कोबर्न तिथे उतरला होता आणि हाश्केची बहीण देझबा हिने त्याची वाट अडवली होती.

"पोराने खून केलेला नाही," ती म्हणाली. "तुम्ही शोधणारे आहात ना? मग शोधा."

कोबर्न आधी प्रेताकडे गेला. ते तबेल्यात ठेवलं होतं. डोक्याच्या मागे एकच घाव होता. कॉलरच्या आत, सुकलेल्या रक्तात, लोकरीचा तेलकट पुंजका चिकटला होता.

"मेंढपाळाने मारलं, म्हणजे लोकर असणारच," प्रुइट म्हणाला.

"त्याच्या मेंढ्या कुठे होत्या?"

"कुंपणाबाहेर. आत एकही मेंढी येऊ देत नव्हता गॅड. भांडण त्याचंच तर होतं."

ते भांडण जुनं होतं. गॅड यायच्या आधीपासून हाश्केच्या घरच्यांची मेंढरं त्या झऱ्यावर पाणी पीत आली होती. गॅडने शेजारी दुकान थाटलं, काही वर्षांनी झऱ्याला कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं. आदल्या दिवशी हाश्केने सर्वांदेखत त्याला सुनावलं होतं. पहाटे तो बादली घेऊन कुंपण ओलांडून आत गेला, प्रेत पाहिलं आणि बादली टाकून पळाला. योस्टच्या माणसांनी त्याला पळतानाच धरलं.

योस्टने विचारल्या प्रश्नांना तंबाखू चघळत उत्तरं दिली. आपला मुक्काम एका रात्रीचा, लोकर भरायची आणि चालू लागायचं. गॅडशी वैर नाही, प्रेमही नाही. "आता लोकर भरायलाही मालक उरला नाही," तो म्हणाला, "तेव्हा लवकर आटपा."

गॅडची बायको कोरा महिन्यापूर्वीच ओहायोहून आली होती. रडून तिचा चेहरा सुजला होता. दुकान मोडून रेल्वेच्या गावी जायचं ठरलं होतं, तिच्याच हट्टाने. काल संध्याकाळी दुकानातल्या लोकरीच्या खोलीत गॅडने हे गुमास्ता स्ट्राउडला सांगितलं, आणि त्यानंतर तो जेवायला आलाच नाही.

"प्रेत तबेल्यात का ठेवलं?" कोबर्नने विचारलं.

"मी म्हणत होते आत आणा, काउंटरवर चादर घालून नीट ठेवू. स्ट्राउडने ऐकलंच नाही. जनावरांत ठेवलं हो माझ्या नवऱ्याला!"

वेंडेल स्ट्राउड मात्र काउंटरमागे उभा होता. मालक मेला त्याच दिवशी दुकान उघडं! दारात नवाहो गिऱ्हाइकं घुटमळत होती, आणि स्ट्राउड प्रत्येकाला त्यांच्याच भाषेत काहीतरी समजावून आत घेत होता. प्रुइटला त्याची शिसारी आली. अकरा वर्षांत इथल्या प्रत्येकाला स्ट्राउड नावाने ओळखू लागला होता. दुकान मोडायला आपली हरकत नव्हती, असं तो कोबर्नला म्हणाला. गॅड काल जेवणाआधी पाय मोकळे करायला झऱ्याकडे गेला, एवढंच त्याला ठाऊक होतं.

"काय सांगत होता स्ट्राउड तुम्हा लोकांना?" कोबर्नने देझबाला विचारलं.

"मालक बाहेर मेला, घाबरू नका, आत या."

"आत मेला असता तर?"

तिने चमकून पाहिलं. "आमची आई जाणार असं दिसलं तेव्हा आम्ही तिला उघड्यावर नेलं. माणूस घरात मेला की ते घर टाकायचं, पुन्हा उंबरा ओलांडायचा नाही. प्रेताला आम्ही हातही लावत नाही. म्हणून तर माझा भाऊ पळाला."

बाहेर सावल्या वळू लागल्या होत्या. योस्टच्या माणसांनी गाडीची दांडी उभी करून तिच्यावर दोर टाकला होता. प्रुइटने पिस्तुलाला हात घातला आणि आज आपणही मरणार हे त्याला कळून चुकलं.

"लेम, त्यांना दुकानाच्या दारापर्यंत आण," कोबर्न म्हणाला. "पाचच मिनिटं."

सगळे गोळा झाले. स्ट्राउड काउंटरमागेच होता.

"गॅड झऱ्यावर मेला नाही," कोबर्नने सुरुवात केली. "कुंपणात मेंढी नाही, तरी त्याच्या रक्तात लोकर. तो लोकरीच्या खोलीत मेला आणि मग बाहेर नेला गेला."

"मग ह्याच हाश्केने नेला असेल," योस्ट गुरकावला.

"जो प्रेताला शिवत नाही, तो? आणि कशासाठी? योस्ट, तू मारलं असतंस तर काय केलं असतंस?"

"टाकून निघालो असतो."

"अर्थात. मिसेस गॅड तर त्याला आत आणा म्हणून भांडत होत्या. इथला रिवाज त्यांना माहीतच नाही. मेलेला माणूस आत असू नये याची काळजी कोणाला? ज्याला रिवाज ठाऊक आहे आणि ज्याला हे दुकान उद्याही चालू हवंय. सकाळपासून कोणी विचारायच्या आत 'तो बाहेर मेला' म्हणून सांगणारा एकच माणूस आहे. काल गॅडने त्याला सांगितलं, दुकान मोडतोय."

स्ट्राउड नाकबूल झाला नाही. तो काउंटरवर वाकला आणि एकदम खालच्या आवाजात बोलू लागला.

"अकरा वर्षं दिली मी इथे. तो हसला आणि म्हणाला, जा, दुसरीकडे नोकरी बघ. लोकर तोलायचं लोखंडी वजन हातात होतं. न्या मला, काय लिहून हवं ते लिहून देतो. फक्त यांना यांच्या भाषेत सांगू नका तो आत मेला म्हणून. दुकान तरी राहू दे."

"मग त्या पोराला कसा सोडवू?"

योस्टने चरफडत जाऊन हाश्केचा दोर कापला. प्रुइटला रडू कोसळायच्या बेतात होतं, ते त्याने खाकरण्यात दडवलं.

देझबा मात्र भावाकडे धावली नाही. ती दुकानात, तराजूपाशी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. तिने बरोबरच्या बायकांना आपल्या भाषेत दोन वाक्यं सांगितली. कोणी किंचाळलं नाही. घेतलेलं सामान जिथल्या तिथे ठेवून एकेक जण दाराबाहेर पडू लागला.

"कुठे चालले सगळे?" कोराने विचारलं. "परत कधी येणार?"

प्रुइटला ते सांगावं लागलं.

बेड्या घातलेला स्ट्राउड उंबऱ्यापर्यंत धडपडत आला आणि त्या माणसांना नावानिशी हाका मारू लागला, एकेकाला, म्हाताऱ्यांपासून तान्ह्या पोरापर्यंत. कोणीही वळून पाहिलं नाही.