भिंतीपलीकडचा हेअर ड्रायर

घरात पाऊल टाकलं, दिवे गेले आणि मी थेट एका शिडीला धडकले. शिडी म्हणाली, "सावकाश... मी पडलो तर तुमचे दिवे कोण बघणार?"

तेवढ्यात वीज आली आणि शिडीवरचा तो दिसला. आईनं बोलावलेला वायरमन. आमच्याकडे वीज क्षणभर जायची, लगेच यायची, पुन्हा जायची. पण त्यानं तपासायला घेतलं की कशी शहाण्यासारखी वागायची! तो गेला की खोड्या सुरू. मग पुन्हा फोन, पुन्हा चहा. आई म्हणायची, याला वायरमन म्हणावं की जावई? मी नाक मुरडायचे, पण तो यायच्या आत केस मात्र विंचरून ठेवायचे.

मग त्याला शेजारच्या ब्युटीशियनचा संशय आला, म्हणजे तिच्या हेअर ड्रायरचा. दोन्ही घरांची वीज खाली तारांच्या एकाच जोडातून येते म्हणे, आणि तो सैल झाला असावा. तिकडे ड्रायर लावल्यावर इकडे दिवे जातात का, ते बघायचं होतं. बघायचं मी, आणि तो तिच्याकडे.

भिंतीपलीकडून तिचं हसू ऐकू आलं. मग आणखी हसू. ड्रायरमध्ये एवढं हसण्यासारखं असतं काय? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्यात ड्रायर घुरघुरला, आमचे दिवे गेले आणि आले.

"गेले का?" त्यानं पलीकडून विचारलं.

"नाही," मी ठणकावून सांगितलं. दोष तिच्याकडे निघाला असता, तर त्याच्या फेऱ्याही तिच्याकडेच सुरू झाल्या असत्या.

पुन्हा ड्रायर, पुन्हा प्रश्न, पुन्हा नाही. शेवटी तो इकडे आला आणि ओव्हनसमोर थबकला. मघाशी त्यानंच लावून ठेवलेलं, वीज गेल्यावरच शून्यावर येणारं घड्याळ तिथं शून्यावर लुकलुकत होतं.

"खोटं का बोललात?"

"तिकडं एवढं काय चाललं होतं हसणं?" मी फणकारले. "मला नाही आवडलं. अजिबात नाही."

तो कानापर्यंत लाल झाला. "ती मलाच हसत होती... म्हणाली, ड्रायर इथं आहे, तुम्ही मघापासून भिंतीकडे काय बघताय?"

खालचा जोड घट्ट केला की दिवे जायचे थांबतील, तो पुटपुटला — मग मला बोलावणार कोण...

"दिव्यांचं राहू द्या," मी म्हणाले. "आता मध्ये भिंत नाहीये. बघा की इकडे."