कोपराची खूण

राजवाड्यात गायचं म्हणजे मोठा मान, असं लोक म्हणतात. मानाने गुडघे दुखायचे थांबत नाहीत. महाराज रोज पहाटे प्रार्थनेला बसत. ते डोळे उघडेपर्यंत आम्हा गाणाऱ्या बायकांचा स्वर तुटता कामा नये, असा घराण्याचा नेम होता. त्यासाठी जोड्या लावलेल्या, प्रत्येक जोडीचा सूर वेगळा. दम संपला की शेजारणीच्या कोपराला बोट लावायचं. तिने स्वर धरायचा, आपण श्वास घ्यायचा.

माझी जोडीदारीण मावशी. सगळ्यांचीच ती मावशी. ती वारली आणि रिवाजाप्रमाणे तिची जागा वर्षभर रिकामी राहणार होती. मी एकटी पडले. त्यात माझी छाती भरलेली. स्वर तुटला की नोकरी जाणार, आणि तिच्यामागे वाड्यातली खोलीही. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला घेऊन मी कुठे जाणार होते?

"आज धरशील ना?" गाण्याच्या मास्तरांनी हळूच विचारलं. "काल तुझा स्वर डगमगला तेव्हा महाराजांची पापणी हलली होती."

"धरते हो. जीव जाईपर्यंत धरते."

प्रार्थना सुरू झाली. धुपाने घसा खवखवत होता. अर्ध्यावरच माझा दम संपला आणि सवयीने बोट उजवीकडे गेलं, रिकाम्या जागेकडे.

बोट कोपराला लागलं. थंड, हाडकुळ्या.

आणि शेजारून स्वर उठला. मावशीचाच, किंचित खरखरीत. भीती वाटली, नाही कशाला म्हणू? पण खरं सांगते, भीतीपेक्षा थकवा मोठा होता. मी श्वास घेतला. मग पुन्हा बोट लावलं, पुन्हा घेतला.

शेवटाला माझ्या कोपराला बोट लागलं.

"घे मावशी," मी मनात म्हटलं. तिचा हक्कच होता. मी स्वर धरला. ती स्वरात परत येईना... छातीत आग पडली, डोळ्यांपुढे काळोख आला... आणि मग आग आपोआप विझली. महाराजांनी डोळे उघडले.

"शाब्बास," मास्तर म्हणाले. "शेवटी तर तू श्वासच घेतला नाहीस."

खोली शाबूत राहिली. नवरा मात्र हल्ली झोपेतून दचकून मला चाचपतो. "तू शेजारी आहेस हे कळतच नाही गं... काही ऐकूच येत नाही."

जिने चढले तरी मला आता धाप लागत नाही. मावशीचा श्वास घेऊन झालेला नाही अजून.