काळ्या फोटोतली पिवळी गाडी

"दाराला हात लावू न—" तिचं वाक्य पुरं होईपर्यंत त्याचा पंजा गाडीच्या अस्तराच्या ओल्या रंगात उमटला होता.

दप्तरखान्यातून आलेला तो तरुण हात वर करून उभा राहिला, शपथ घेतल्यासारखा. तिनं थिनरचं फडकं पुढे केलं. कपाळावर आठी होती. ओठांच्या कोपऱ्यातून मात्र हसू निसटलंच.

वडिलांच्या गॅरेजात रंगकाम तिचं. ही गोल पाठीची जुनी मोटार प्रदर्शनात जायची होती आणि तिच्या मूळ रंगावरून बापलेकीत जुंपली होती. बाबा म्हणत, काळा. तिनं बिजागरीखाली एकेक थर घासला होता आणि अगदी तळाशी, पत्र्याला चिकटून, पिवळा निघाला होता. कुणा हौशीनं मूळ रंग खरवडून मागाहून फासला असेल, म्हणून बाबांनी तो उडवून लावला. शेवटी कारखान्याचे जुने कागद सांभाळणाऱ्या दप्तरखान्याला विचारायचं ठरलं.

त्या तरुणानं पाकीट उघडलं. रंगाची नोंद कसरीनं खाल्ली होती, पण कारखान्याच्या फाटकातून निघतानाचा फोटो शाबूत होता. त्यात गाडी काळीकुट्ट.

"आता तरी ऐकशील?" बाबा म्हणाले. "काळा मार. जमत नसेल तर दुसरा रंगारी बघतो."

"बघा. माझ्या हातानं मी खोटं फासणार नाही."

त्या तरुणाला खरं तर तिथून निघायचं होतं. पण हे बोलताना तिनं मान जी ताठ केली... तो दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशी त्यानं निमित्तही सांगितलं नाही.

हवा ओली होती. अशा हवेत रंग मारला की त्यावर दुधी धुकं चढतं, म्हणून काम अडलं होतं आणि दुसरा रंगारीही फिरकत नव्हता. ती त्याला डोळे मिटून पत्रा चाचपायला शिकवी. खळगा नजरेला चुकतो, बोटांना नाही. एकदा दोघांची बोटं एकाच खळग्यावर आली. कुणीच घाईनं उचलली नाहीत.

"फोटोशी भांडताय तुम्ही," तो म्हणे.

"फोटोनं कधी पत्रा घासलाय?"

तो हसला खरा, पण ते त्याच्या मनात राहिलं. मग एक दिवस कचेरीतला लाकडी कॅमेरा आणि जुन्या पद्धतीची फिल्म घेऊन तो आला. तिला गाडीपाशी उभं केलं. केसांना बांधलेला तिचा पिवळाधमक रुमाल फोटोत निघाला काळा ठिक्कर.

त्यानं उलगडून सांगितलं. त्या काळच्या फिल्मला निळं तेवढं नीट दिसे. पिवळा आणि लाल तिला अंधारासारखेच. म्हणजे फोटो खोटा नव्हता, त्याचं वाचन चुकलं होतं. चूक आपलीच, असं त्यानं अहवालात सहीनिशी लिहूनही टाकलं होतं.

"एका फोटोत कळलं असतं की," ती बाकीचे चाळत म्हणाली. सगळ्यांत तीच होती.

"पुरावा... भक्कम हवा."

बाबा तरीही अडून बसले. ते सगळ्यांना काळी सांगून बसले होते. लोक गाडीला लिंबू म्हणतील.

"म्हणू देत," ती म्हणाली.

हवा कोरडी झाली त्या सकाळी तिनं रंगाच्या बंदुकीत पिवळा भरला. बाबा दारात आडवे उभे. तिनं त्यांच्या हातात तोंडाला लावायचा मास्क ठेवला.

"बाबा, हा लावा, नाहीतर बाहेर थांबा. रंग उडेल."

मग ती त्या तरुणाकडे वळली. "तुमचं काम तर संपलं."

"हो. म्हणजे... उद्या यायला काही कारण—"

"कारण नको. मला तुम्ही आवडता. बाबांसमोरच सांगते, म्हणजे परत सांगायला नको."

तो कानापर्यंत लाल झाला. "मलाही," इतकंच कसंबसं म्हणाला.

बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि त्यावर मास्क चढवला.